मत नसलेला सदस्य

१४ जानेवारी २०२६, संक्रांत

आज नगर परिषदेवर स्वीकृत सदस्य म्हणून माझी नेमणूक झाली. चार वर्षं प्रशासकाच्या हाती असलेल्या या गावाला डिसेंबरात निवडून आलेली माणसं मिळाली, आणि त्या माणसांना आज मी मिळालो. यात भाग्य कोणाचं, हे लिहायची गरज नाही.

स्वीकृत सदस्याला सभेत बोलता येतं, मत देता येत नाही. सुमेधाला हे समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे घरात माझं आहे तसंच." कायद्याच्या तरतुदी बायकोला सांगू नयेत.

नगराध्यक्ष पंजाबराव स्वतः गाडी घेऊन न्यायला आले. कापसाचे मोठे अडते, पांढरी पँट, पांढरे बूट, बोटांत अंगठ्या. म्हणाले, "काकासाहेब, कोषागारात हयात काढलेला मानूस आमाले पायजेच होता. आमी सारे अडाणी." हे मनापासून म्हणाले असावेत, कारण खरंच होतं.

सभागृहात तिळगूळ वाटला. एका नगरसेवकाने सभागृहातही काळा चष्मा काढला नाही. उपाध्यक्ष अमर हा पंजाबरावांचा पुतण्या. त्याला शपथ वाचताना 'सार्वभौमत्व' या शब्दापाशी ठेच लागली, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यांच्यात मला पाच वर्षं काढायची आहेत.

३ फेब्रुवारी

अर्थसंकल्पाचा मसुदा घरी आणून वाचला. ज्याने केला त्याला बेरीज येते, विचार येत नाही.

पंजाबरावांना यवतमाळ रोडवर वडिलांच्या नावाने प्रवेशद्वार बांधायचं आहे. दोन्ही बाजूंना हत्ती, वर कळस. या गावात शिरणाऱ्याला आधी खड्डे लागतात, मग उकिरडा, आणि आता हत्ती लागतील. मी स्पष्ट सांगितलं, ही उधळपट्टी आहे.

ते हसले. "दरवाजा तं होईनच, काकासाहेब. पैसे कुठून काढाचे तेवढं तुमी सांगा. दुसऱ्या कोनाच्या बापाले ते जमत नाही."

हे मात्र खरं आहे. द्वार मूर्खपणाचं आहे, पण मूर्खपणासाठीही पैसा शिस्तीत उभा करता येतो, हे या लोकांना एकदा दिसू दे.

१० फेब्रुवारी

न कळवता अग्निशमन केंद्रात गेलो. जे पाहायला मिळेल असं वाटलं होतं तेच मिळालं. कडुनिंबाखाली लाल बंब उभा. बाजूला कंत्राटी फायरमन कॅरम खेळत होते. एकाने पाइप सतरंजीसारखा उन्हात पसरला होता आणि स्वतः त्याच्याशेजारी आडवा झाला होता.

फुलचंद चव्हाण हा तिथला एकुलता एक कायम माणूस, बंबाचा चालक. मिशीवाला, आदबशीर. त्याने खुर्ची पुसून दिली.

मी विचारलं, "वर्षभरात आगी किती लागतात?"

"मोठ्या म्हनसान तं थोड्याच जी. बाकी मंग विहिरीत पडलेली जनावरं, पुरात अडकलेले लोक, झाडं पडते रस्त्यावर..."

"आणि बाकी वेळ?"

"बाकी वेळ आमी बसतो जी, साहेब. आमी बसलो म्हंजे गाव बरं आहे."

बसण्याचं इतकं गोड समर्थन मी कोषागारातही ऐकलं नव्हतं. घरी येईपर्यंत माझं ठरलं. चालक राहील, गाडी राहील, कॅरम जाईल. मोठी आग लागलीच तर शेजारच्या नेरहून गाडी मागवता येते. सहा माणसं वर्षभर पोसायची, ती कुठे आग लागेल या आशेवर?

१८ फेब्रुवारी

संध्याकाळी वच्छलाबाई घरी आल्या. कापसाच्या जिनिंगच्या मागच्या वस्तीतून निवडून आलेल्या नगरसेविका. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, आवाज असा की आपल्या घरात आपणच पाहुणे वाटावं.

"काकाजी, फायरचे पोट्टे कमी करून राह्यले म्हनते तुमी?"

म्हटलं, हो.

"आमच्या वस्तीत टिनाची घरं, एकाले एक लागून. काही झालं तं?"

मी आकडे सांगायला सुरुवात केली. बाईंनी मधेच हात वर केला. "ते जाऊ द्या. आमची नाली बसते का अर्थसंकल्पात? पावसायात घरात पानी शिरते."

मी म्हटलं, पंजाबरावांशी बोलून बसवता येईल.

"मंग मी बोलत नाही फायरचं."

बघा. तत्त्व आलं आणि नालीच्या भावात विकलं गेलं, आणि तेही माझ्याच चहावर. मी तसं बोलून दाखवलं. बाई उठता उठता म्हणाल्या, "तत्त्व घेऊन मी घरोघरी जाऊ का जी? बायका झाडू घेऊन मांगं लागतीन."

चहा देणारी रुखमाबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती आमच्याकडे पोळ्या करते आणि त्याच वस्तीत राहते. तिचा नवरा मारोतराव बाजार समितीत हमाल होता. अर्धांगवायूने दोन वर्षं खाटेवर आहे. वच्छलाबाई गेल्यावर रुखमाबाई हळूच म्हणाली, "साहेब, उन्हायात आमच्याकडं घराघराले लागून पऱ्हाट्या राह्यते. जाळाले."

"मग कापसाची वाळकी झाडं घराला लागून रचू नका," मी म्हटलं.

 सुमेधाने तिच्या हातातून कप घेतले.

२६ फेब्रुवारी

अर्थसंकल्प मंजूर. माझं भाषण चाळीसेक मिनिटं झालं असेल. कोणी जांभई दिली नाही, म्हणजे कोणाला काही समजलं नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेने दोघे वारा घेत होते. मुख्याधिकारी बाईंनी अग्निशमनाच्या मनुष्यबळाबाबत हरकत नोंदवली. वयाने लहान आहेत, पुस्तकातलं बोलतात. पंजाबरावांनी 'नोंद घेतली' म्हटलं, म्हणजे नोंद गेली.

मग हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर गेले. वच्छलाबाईंचा थोडा उशिरा गेला, पण गेला. माझा हात मांडीवर होता. नियमच तसा आहे.

नंतर पंजाबरावांनी माझ्या गळ्यात हार घातला. "शिलकीचा अर्थसंकल्प! काकासाहेबाईनं करून दाखवलं." उद्या पेपरात फोटो येईल म्हणतात. सुमेधाला सांगितलं. तिने विचारलं, "त्या सहा जणांचं काय?" मी म्हटलं, कंत्राट मार्चअखेर संपतं, कोणाला काढलेलं नाही. माणसं संपत नाहीत, कंत्राट संपतं. हा फरक कोणालाच कळत नाही.

२ एप्रिल

सकाळी फाटकाशी एक तरुण उभा होता. गोपाल नाव सांगितलं. काढलेल्या (म्हणजे कंत्राट संपलेल्या) फायरमनांपैकी. मला वाटलं, आता रडणार किंवा शिव्या देणार. दोन्ही केलं नाही.

"साहेब, आमचं काही चुकलं का? एवढंच इचारतो."

"चुकलं नाही. तुम्ही जास्त होता."

त्याने मान डोलावली, जसं काही त्याला नीट समजलं. सुमेधाने पाणी दिलं. तो गेल्यावर ती बराच वेळ फाटक लावत होती. कडीत काही बिघाड नाही, मी नंतर पाहिलं.

१९ एप्रिल, अक्षय्य तृतीया

हे दुपारीच लिहून ठेवतो, पाहुणे आता गेले.

प्रवेशद्वाराचं भूमिपूजन झालं. मंडप, भोंगे, फेटे. मला पुढच्या सोफ्यावर बसवलं होतं. यवतमाळ रोडचं काम अर्धवट, त्यामुळे धुळीने डोळे उघडेनात. मला दमा आहे. मी पंजाबरावांना म्हटलं, हत्ती बसतील तेव्हा बसतील, आधी ही धूळ तरी बसवा. त्यांनी अमरकडे पाहिलं, अमरने फोन लावला, आणि थोड्याच वेळात लाल बंब आला. फुलचंदने रस्ताभर पाणी मारलं. मंडपात गारवा आला. या नगर परिषदेत सांगितलेलं काम ताबडतोब होताना मी प्रथमच पाहिलं. मुलं पाण्यात नाचत होती. दुसऱ्या फेरीला पुन्हा बंब रिकामा झाला, तेव्हा कुठे पूजा सुरू झाली.

पाहुण्यांना जेवायला घरी बोलावलं होतं. रुखमाबाई सकाळीच म्हणाली होती, "आज आखाजी आहे साहेब, मले लवकर जाऊ द्या. मारोतरावाले जेवाले देऊन पितराले घास ठेवाचा आहे." मी म्हटलं, सण आमच्याही घरी असतो, पाहुण्यांची पानं उठली की जा. यात अन्याय काही नव्हता.

पुरणपोळी चांगली झाली होती. पंजाबराव, अमर आणि आणखी दोघे होते. सुमेधा वाढताना धुळीचा आणि बंबाचाच किस्सा चालला होता. जेवताना जिनिंगच्या बाजूला काळा धूर दिसायला लागला. अमर म्हणाला, "कोनी तरी शेताचा धुरा पेटवला असन." पंजाबरावांचा फोन सारखा वाजत होता; त्यांनी तो ताटाशेजारी उलटा करून ठेवला. तेवढ्यात रुखमाबाई स्वयंपाकघरातून निघून धावत सुटली. तवा तसाच, खाली गॅस चालू. एक पोळी कोळसा झाली. पाहुण्यांसमोर काय शोभा झाली! या लोकांना कितीही सांभाळा, शिस्त लागत नाही.

सुमेधा तिच्या मागे गेली आहे. अजून आलेली नाही.

२० एप्रिल

काय झालं ते क्रमाने लिहितो.

विजेच्या तारेची ठिणगी पडून पऱ्हाटीचे ढीग पेटले. वारा होता. जिनिंगमागची घरांची एक ओळच्या ओळ गेली. लोकांनी फोन केले तेव्हा बंब यवतमाळ रोडवर मंडपापाशीच थांबवून ठेवलेला होता आणि रिकामा होता. तो भरायला पाण्याच्या टाकीवर गेला, तिथून वस्तीत. नेरहूनही गाडी आली, पण तेवढं अंतर कापून येईपर्यंत विझवण्यासारखं फार उरलं नव्हतं.

मारोतरावांना शेजाऱ्यांनी खाटेसकट बाहेर काढलं. फार भाजलेत. यवतमाळला नेलं. रुखमाबाई सोबत आहे, सुमेधाही.

मी सकाळी चहा स्वतः केला. दूध उतू गेलं.

२३ एप्रिल

मारोतराव वारले.

सुमेधा परत आली, आंघोळ केली आणि वस्तीत गेली. तिथे लोकांनी नगर परिषदेच्या नावाने बोंब ठोकली आहे. कळलं की वच्छलाबाई जळालेल्या घरांसमोर जमिनीवर बसल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "मी हात वर केलता. नालीसाठी केलता. मले मारा." कोणी मारलं नाही. दोन बायका तोंडावर थुंकल्या म्हणे, आणि मग त्याच बायका त्यांच्याजवळ बसून रडल्या. राजकारणी माणसाला केव्हा काय नाटक करावं हे बरोबर कळतं.

दुपारी त्या नगर परिषदेच्या पायऱ्यांवर भेटल्या. मी सहानुभूती दाखवली आणि हेही सांगितलं की ठराव सभेचा होता, मला तर मताचा अधिकारही नाही.

बाई म्हणाल्या, "मत नव्हतं काकाजी. पन तोंड तं तुमचंच होतं."

गावंढळपणाला उत्तर नसतं. मी वर गेलो. वर कोणीच नव्हतं, मी परत खाली आलो.

२७ एप्रिल

पंजाबराव घरी आले. सोफ्यावर न बसता माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर बसले. लोक संतापलेत, कलेक्टर कचेरीतून विचारणा आहे, चौकशी करावी लागेल. "एकसदस्य समिती. तुमी. तुमच्यावानी निष्पक्ष मानूस जिल्ह्यात नाही. तुमाले मतसुद्धा नाही, म्हंजे कोनी बोट दाखवनार नाही."

सुमेधा आतून म्हणाली, "नाही म्हणा." मी हो म्हटलं. या गावात चौकशी म्हणजे काय हे माहीत असलेला दुसरा आहे कोण?

अलीकडे सुमेधा स्वयंपाक करते आणि बाहेर जाते. ताट झाकलेलं असतं. पोळ्या तिला जमत नाहीत, पण मी काही बोललो नाही.

२ मे

फुलचंदचा जबाब. त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, म्हणून सहीऐवजी अंगठा घ्यायचा तर अंगठाही पट्टीत. मी म्हटलं, नंतर घेऊ.

"लिहून घ्या साहेब. मी एकटाच होतो. स्टेअरिंग सोडून पंप चालू कराव का पाइप धराव? वस्तीतले पोट्टे धावले मदतीले. त्याईले कुठी माहीत राह्यते? पानी आलं तशी नळी हातातून सुटली, सापावानी फिरली. एकाचा दात पडला. मंग मी पंप तसाच सोडून पाइप धरला. तवरिक मारोतभाऊचं घर..."

"ते सोडा. गाडी केंद्र सोडून का गेली?"

तो माझ्याकडे पाहायला लागला. मला वाटलं, प्रश्न समजला नाही, म्हणून पुन्हा विचारला.

"अमरभाऊचा फोन आलता जी. म्हने, काकासाहेबाले धूळ सोसत नाही. दोन चकरा मार."

हे मी लिहून घेतलं नाही. ऐकीव होतं.

मला दमा आहे हे वैद्यकीय सत्य आहे. धुळीची तक्रार कोणीही करतो. मी बंब मागितला नव्हता. धूळ बसवा एवढंच म्हटलं होतं. ती कशाने बसवायची हे प्रशासनाने ठरवायचं असतं.

५ मे

अमर अहवालाचा मसुदा घेऊन आला. "आमच्या काकांनी वकिलाकडून करून घेतला. तुमी फक्त सही करा."

मी फक्त सही करत नाही. तो गेल्यावर वाचायला बसलो. 'वाहणचालक फुलचंद चव्हाण हा विनापरवाणगी वाहण घेऊन गेल्याचे निदर्शणास येते.' एका ओळीत न आणि ण यांची इतकी अदलाबदल! पुढे 'अग्निशमण केंद्रात पुरेसे व सक्षम मणुष्यबळ उपलब्ध होते.' लाल शाईने खुणा करत गेलो. तिसऱ्या पानावर येईपर्यंत कागदाला गोवर आला.

शुद्धलेखन एक वेळ सोडा. पुरेसं मनुष्यबळ होतं? मग फेब्रुवारीत मी चाळीस मिनिटं काय बोललो? बचत कोणी केली? ज्या सहा जणांना मी भर सभेत जास्तीचे म्हणून सिद्ध केलं, ते एप्रिलमध्ये या गाढवांनी परत कागदावर उभे केले! माझं काम पुसून टाकायचं आणि खाली सही माझीच घ्यायची. इतका अपमान माझा कोषागारातल्या कोणत्याही साहेबाने केला नाही.

मसुदा फाडला. स्वतः लिहायला घेतला.

८ मे

अहवाल अडला आहे. मनुष्यबळ का नव्हतं ते मी स्वतःच्या नावासकट स्वच्छ लिहिलं: स्वीकृत सदस्य नरहर देव यांच्या प्रस्तावावरून पदं कमी केली. ठराव क्रमांक, तारीख. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

अडलंय ते पुढचं वाक्य. 'धूळ शमविण्यासाठी वाहन मागविण्यात आले.' वाचायला बरोबर. व्याकरणही बरोबर. कोणी मागवलं? तीस वर्षं मी असलीच वाक्यं लिहिली: कळविण्यात येते, निदर्शनास आले, कार्यवाही करण्यात यावी. कोषागारात कर्ता कोणी विचारत नाही. मग 'उपाध्यक्षांच्या दूरध्वनीवरून' असं घातलं. तेही खरं. पण अमरने मनानेच फोन केला असं त्यातून निघतं, आणि अमरला स्वतःच्या मनाने काही सुचतं हे मी कोणाला पटवू शकणार नाही.

पानं फार वाया गेली. सुमेधाने केर काढताना ती गोळा केली आणि न वाचता परसातल्या चुलीपाशी नेऊन ठेवली. किंवा वाचली असतील.

शेवटी कर्ता घातला.

११ मे

विशेष सभा. पंजाबराव म्हणाले, अहवाल पटलावर ठेवतो, वाचायची गरज नाही. मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो. स्वीकृत सदस्याला बोलण्याचा अधिकार आहे. प्रेक्षकांत वस्तीतले लोक होते, मागे पत्रकार होते.

पदकपातीपर्यंत सगळे नेहमीप्रमाणे वारा घेत होते. मग मी ते वाक्य वाचलं: 'भूमिपूजनाच्या ठिकाणी धूळ बसवावी असे नरहर देव यांनी नगराध्यक्षांना सांगितले, त्यावरून उपाध्यक्षांनी वाहन बोलावले, आणि त्यामुळे ते आगीच्या वेळी रिकामे होते. चालकाचा दोष नाही.' पुस्तिका हलायच्या थांबल्या. अमर उभा राहिला, "काकासाहेब, हे काय लावलं? आमी दिलता तो कागद कुठी आहे?"

मी म्हटलं, "तो अशुद्ध होता."

मागे कोणीतरी हसलं. मला हसण्यासारखं काही वाटलं नाही.

मग वच्छलाबाईंनी ठराव मांडला: सहाही माणसं परत घ्या आणि बंब आगीशिवाय कुठेही जाणार नाही. पंजाबराव शहाणे. त्यांनी पाहिलं की लोक कोणत्या बाजूला आहेत, आणि म्हणाले, "हा तं माह्याच मनातला ठराव आहे." हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर गेले, फेब्रुवारीत गेले तसेच, तीच माणसं, तेच हात.

माझाही गेला. केव्हा गेला ते कळलं नाही. अमर जोरात म्हणाला, "काकासाहेब, खाली घ्या. तुमाले मत नाही."

मी खाली घेतला.

१५ मे

पेपरात आलं: 'नगराध्यक्षांच्या पुढाकाराने अग्निशमन दल पुन्हा सक्षम.' शेजारी पंजाबरावांचा गोपालला हार घालतानाचा फोटो. फुलचंदला काढलं नाही. काढायची सोय उरली नाही. द्वाराचं काम जोरात चालू आहे, एका हत्तीचे पाय आलेत.

माझ्याकडे राजीनाम्यासाठी माणूस पाठवला होता. मी राजीनामा लिहूनच ठेवला होता, पण त्यांनी मागितल्यावर द्यायची इच्छा गेली. पुन्हा विचार केला आणि दिला. असल्या लोकांशी भांडण्यातही आपली पातळी जाते.

फुलचंद रस्त्यात भेटला. रामराम केला, थांबला नाही. मी ज्याची नोकरी वाचवली तो माणूस.

२१ मे

सुमेधा सकाळी म्हणाली, "आज माझ्यासोबत चला." कुठे ते विचारलं नाही. अहवालाची प्रत पिशवीत घेतली. रुखमाबाईला वाचता येत नाही. तिच्या नवऱ्याच्या मृत्यूबद्दल अधिकृतपणे काय म्हटलं आहे हे तिला कळायला हवं.

वस्तीत नवे टिन लागलेत, खाली जमीन अजून काळीच. रुखमाबाई सावलीत बसून तुरीची डाळ पाखडत होती. सुमेधा तिच्याजवळ जाऊन बसली, जणू रोजची जागा. मी उभाच होतो. चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली: "विषय, दिनांक एकोणीस एप्रिल रोजी लागलेल्या..."

"वाचू नका साहेब," ती म्हणाली. सूप थांबलं नव्हतं. "तोंडानं सांगा."

मी कागदाची घडी केली. उन्हात घाम येत होता. कुठून सुरुवात करावी ते कळेना. अहवालात परिच्छेदांना क्रमांक होते.

"पाण्याची गाडी त्या दिवशी माझ्यामुळे गेली," मी म्हटलं. "धूळ उडत होती म्हणून."

"माहीत आहे मले. या काकूनं दवाखान्यातच सांगतलं. तुमी कवा सांगता ते पाहून राह्यली होती."

मला वाटलं, झालं. मी पिशवी उचलली.

"आन मले कोनं थांबवून ठेवलतं, साहेब?"

सूप आता थांबलं होतं. मी सुमेधाकडे पाहिलं. ती डाळीकडे पाहत होती.

हे अहवालात नाही. मी दोन आठवडे त्या दिवसाचा एकेक तास तपासला, कोण कुठे होतं ते लिहिलं, आणि रुखमाबाई कुठे होती हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती माझ्या स्वयंपाकघरात होती. पंजाबरावांसाठी दुसरी पोळी भाजत होती.

"मी," मी म्हटलं.

"मी घरी असती तं त्याईले वढत का होईना बाह्यर आनलं असतं. माह्या हाताची सवय होती त्याईले. दुसऱ्यानं हात लावला की अंग ताठ करत." तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "आता मी तुमच्याकडं येत नाही. मास्तरनीच्या घरी लागली."

मी हो म्हटलं. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. चांगली मराठी येते म्हणून आयुष्यभर मिरवलं, आणि तिथे एक शब्द नव्हता.

"जा आता," ती म्हणाली. रागाने नाही. "ऊन झालं. तुमाले दमा आहे."

सुमेधा उठली नाही. तिने दुसरं सूप पुढे ओढलं. मी एकटा निघालो. जिनिंगपर्यंत आल्यावर मागे वळून पाहिलं, दोघी खाली मान घालून बोलत होत्या. काय बोलत होत्या ते ऐकू आलं नाही.